दाबाखालची भेग

भेग हा शब्द ऐकताच आमच्या सेलूकडील माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती वैशाखातील काळी जमीन. वर्धा आणि नागपूर यांच्यामधल्या या पट्ट्यात कापूस वेचून झाला, तूर घरी आली, बोर नदीचे पात्र गोट्यांवर आले, की शेते आपोआप फाटू लागतात. प्रथम केसासारखी रेघ दिसते. आठ-पंधरा दिवसांत तिच्यात बोट जाते. आणि रोहिणी नक्षत्राच्या तोंडावर गुराख्याच्या पोराने काठी घातली तर तिचा तळ लागत नाही. एका भेगेला दुसरी मिळते, दुसरीला तिसरी. आणि सारे शेत कासवाच्या पाठीसारखे ओबडधोबड तुकड्यांनी भरून जाते. या भेगेबद्दल शेतकरी कधी तक्रार करीत नाही. पहिला मोठा पाऊस पडला की ती मिटते. आणि मिटण्यापूर्वी वरची भुसभुशीत माती पोटात घेऊन जमिनीची एक नांगरट स्वतःच करून टाकते.

ही ओढीची भेग होय. चिकण माती वाळते, आकसते. प्रत्येक ढेकूळ शेजारच्या ढेकळापासून आपले अंग आखडून घेते. आणि ही ओढाताण सोसेनाशी झाली म्हणजे मध्ये फट पडते. यात समजण्यास अवघड असे काहीच नाही. दोघांनी दोन टोके धरून ओढली म्हणजे धोतर फाटते, त्यातलाच हा प्रकार.

परंतु भेगेची दुसरीही एक जात आहे. ती ओढल्याने पडत नाही, दाबल्याने पडते. आणि जरा थांबून विचार केला तर ही गोष्ट मोठी चमत्कारिक वाटू लागते. दाबाने भेग मिटावयास हवी. दोन काठ जवळ यावयास हवेत. मग दाबलेला दगड फुटतो कसा? आणि फुटतो तोही बहुधा दाबाच्या दिशेला तिरका, जणू कोणी कातरीने कापून अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्या भागावरून सरकवून दिला असावा असा! विज्ञानाच्या परिभाषेत या सरकत्या, कातरणाऱ्या भंगाला कर्तनभंग म्हणतात. हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील पंडितांचा आहे असे वाचकांनी समजू नये. आपल्या डोक्यावरील छपराचा, ते पेलणाऱ्या खांबाचा, आणि त्या खांबाखालच्या धरणीचा तो प्रश्न आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर तरी महाराष्ट्रातील कोणाही गृहस्थाला तो परका वाटू नये.

ठिसूळ पदार्थांच्या स्वभावाची पहिली ओळख करून घेण्यास शाळेतला खडू पुरे होतो. नवा, अखंड खडू दोन हातांनी वाकवा. ज्या बाजूला तो ताणला जातो त्या बाजूने तो तुटतो, आणि तुटलेला काप आडवा, सरळ असतो. आता दुसरा खडू ओला फडका पिळावा तसा पिळा. या वेळी काप आडवा येत नाही. तो मळसूत्रासारखा फिरत फिरत तिरका जातो. पिळताना खडूच्या अंगावर ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत ताण पडतो, आणि खडू बरोबर त्या ताणाला आडवा फाटतो. म्हणजे वाकवा किंवा पिळा, खडूचे मर्म एकच: त्याला ताण सोसत नाही. आता तिसरा खडू उभा धरून टोकावर दाबा. तो वाकू दिला नाही, तर बोट दुखू लागेल पण खडू दाद देणार नाही. दगड, वीट, काच, काँक्रीट यांची हीच तऱ्हा. चांगला टणक बेसाल्ट, म्हणजे आमच्या विहिरी खणताना लागतो तो काळा पाषाण, चौरस सेंटिमीटरवर हजार किलोहून अधिक, कधी दोन हजारांच्याही वर दाब सहज पेलतो. पण ताणाच्या बाबतीत त्याची ताकद याच्या दशांशाच्या आसपासच असते. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी दगडाचे खांब केले, कमानी केल्या; दगडाचे दोर कोणी वळले नाहीत.

ताणाची ही दुर्बलता कोठून येते, याचा उलगडा इंग्लंडातील ग्रिफिथ नामक एका तरुण इंजिनियराने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला. काचेच्या कणांना एकमेकांशी बांधून ठेवणारे बळ हिशेबाने पाहू गेल्यास काच आहे त्याच्या कितीतरी पट मजबूत असावयास हवी. ती तशी नसते. कारण तिच्या अंगावर डोळ्यांस न दिसणारे असंख्य ओरखडे असतात. ओढ बसली की ती सबंध अंगावर सारखी वाटली जात नाही. ओरखड्याच्या टोकाशी ती एकवटते. तेथे कण सुटले की ओरखडा लांबतो. लांबला की टोकाशी ओढ अधिकच वाढते. ग्रिफिथने काचेचे अतिशय बारीक तंतू ओढून दाखविले की तंतू जितका बारीक, तितका तो प्रमाणाने बळकट. कारण इतक्या सडपातळ अंगात मोठ्या ओरखड्याला जागाच नसते. सारांश, वस्तू किती बळकट हे तिच्या पदार्थावरून जितके ठरते, त्याहून अधिक तिच्यात आधीच असलेल्या व्यंगावरून ठरते.

येथवर ओढीची कथा झाली. तीन वर्षांनी, १९२४ साली, ग्रिफिथने हाच विचार दाबाला लावून पाहिला. दाबाला नेमकी समांतर किंवा नेमकी आडवी असलेली चीर निरुपद्रवी असते. परंतु दगडात चिरा सर्व दिशांना विखुरलेल्या असतात, आणि त्यांतल्या काही तिरक्या असावयाच्याच. तिरक्या चिरेवर दाब आला म्हणजे तिचे दोन ओठ एकमेकांवर घट्ट बसतात खरे, पण त्याच वेळी ते एकमेकांवरून घसरूही पाहतात. या घसरण्यामुळे चिरेच्या दोन्ही टोकांशी, अगदी थोड्या जागेत, ताण उत्पन्न होतो. सगळीकडे दाबच दाब असताना त्याच्या पोटात ताणाचे हे छोटेसे केंद्र तयार होते. आणि ठिसूळ पदार्थाचे वैर तर ताणाशीच! त्याच्या हिशेबाने दगडाची दाबाखालची ताकद ताणाखालच्या ताकदीच्या आठपट यावयास हवी. प्रत्यक्षात ती बहुधा त्याहूनही अधिक येते. पण दिशा बरोबर होती.

त्यापुढची हकीकत अधिक मनोरंजक आहे. १९६३ साली ब्रेस आणि बोंबोलाकिस या दोघांनी काचेच्या पत्र्यात मुद्दाम तिरकी चीर पाडून तिच्यावर दाब दिला. सामान्य तर्क असा की चीर आहे त्याच तिरक्या दिशेने वाढत जाईल आणि पत्रा तिरका कापला जाईल. तसे झाले नाही. चिरेच्या टोकांना नव्या बारीक भेगा फुटल्या, आणि त्या वळत वळत दाबाच्या दिशेला समांतर झाल्या. पुढे अभ्यासकांनी त्यांना पंखभेगा असे साजेसे नाव दिले. मूळ चीर हे जणू पाखराचे अंग आणि टोकांच्या भेगा हे त्याचे पंख. दाबाच्या दिशेला वळून थोडे अंतर गेल्यावर या भेगा थांबल्या. दाब आणखी वाढवावा तेव्हा त्या आणखी थोड्या सरकत, आणि पुन्हा थांबत. ओढीची भेग एकदा धावू लागली की तिला धरबंध नसतो. दाबाखालची भेग मात्र पावलापावलाने चालते आणि प्रत्येक पावलाला जादा दाबाची किंमत मागते.

मग शेवटी जो मोठा तिरका भंग दिसतो तो येतो कोठून? उत्तर असे की तो एका भेगेचा पराक्रम नसून अनेकींची संगनमताने झालेली करणी असते. दाब वाढत जातो तसतशा दगडात ठिकठिकाणी उभ्या बारीक भेगा पडतात. दोन शेजारच्या भेगांमध्ये दगडाच्या पातळ चकत्या उरतात. त्या चकत्यांवर वरून भार असतोच, आणि सडपातळ खांब भाराने वाकून मोडावा तशा त्या एकामागून एक मोडतात. एक चकती मोडली की तिचा भार शेजारणीवर जातो. अशा रीतीने, पायरीपायरीने रचलेल्या भेगांची एक तिरकी रांग जोडली जाते, आणि तिच्यावरून वरचा भाग खाली घसरतो. दगडांत हा उतार दाबाच्या दिशेशी बहुधा ३० अंशांच्या आसपास असतो. हा कोन घर्षणावर अवलंबून आहे हे फ्रान्समधील लष्करी इंजिनियर कुलाँ याने १७७३ सालीच, भेगांच्या पोटातील हा संसार कोणासही ठाऊक नसताना, भिंती आणि दगडी खांब यांच्या विचारातून ताडले होते.

हे सारे घडताना प्रत्यक्ष पाहणे कठीण. कारण अखेरचा कडेलोट डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो. पण प्रत्येक सूक्ष्म भेग पडताना कुट्ट असा एक अतिसूक्ष्म आवाज होतो, आणि तो यंत्राने टिपता येतो. १९९१ साली लॉकनर, बायर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅनाइटच्या नळकांड्यावर दाब देताना एक युक्ती केली. आवाज वाढू लागले की यंत्रच दाब कमी करी. त्यामुळे क्षणार्धात होणारा भंग त्यांनी कित्येक तास लांबविला. तेव्हा असे दिसले की प्रथम आवाज सबंध दगडातून, विखुरलेले, कोठूनही येतात. मग एका जागी त्यांची दाटी होते. आणि तेथून ती दाटी एखाद्या सरकत्या आघाडीप्रमाणे दगडातून तिरकी पुढे जाते. ज्याला आपण ‘एकाएकी फुटला’ म्हणतो, तो दगड फुटण्यापूर्वी बराच वेळ कुरकुरत असतो.

आता या प्रकरणातील, मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. उभ्या दाबाने पडणाऱ्या भेगा दाबाला समांतर पडतात, म्हणजेच दगड बाजूंनी उघडू पाहतो. तेव्हा त्याला बाजूने थोडा जरी आधार दिला तरी भेगेचे उघडणे अडते. हा आधार किती थोडा पुरतो हे पाहून आश्चर्य वाटते. उभ्या दाबाच्या लहानशा अंशाइतका बाजूचा दाब असला तरी पंखभेगा खुरटतात आणि दगडाची भार सोसण्याची शक्ती कैक पटींनी वाढते. १९११ साली फॉन कारमान याने संगमरवराचे नळकांडे द्रवाच्या प्रचंड दाबाने चोहोबाजूंनी आवळून मग उभे दाबले. मोकळ्या हवेत जो संगमरवर तडकून तुकडे झाला असता, तो येथे कणकेच्या गोळ्यासारखा फुगत आणि बसत गेला, तुटला नाही. पदार्थ तोच, व्यंगे तीच. फक्त बाजूचा आधार निराळा.

याचे घरगुती प्रत्यंतर हवे असेल तर जेथे काँक्रीटचे ठोकळे तपासतात अशा एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन यावे. १५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा २८ दिवस पाण्यात मुरवून लोखंडी पट्ट्यांमध्ये ठेवतात. साध्या घरबांधणीच्या काँक्रीटचा ठोकळाही सुमारे ४५ टन भार घेतो, आणि मग फुटतो. फुटल्यावर उरलेला आकार पाहण्यासारखा असतो: चारही बाजू ढलप्यांनी गळून पडतात आणि मध्ये टोकाला टोक लावलेले दोन मनोरे राहतात, थेट शंकराच्या डमरूसारखे. असे का? तर वरच्या व खालच्या लोखंडी पट्ट्या घर्षणाने ठोकळ्याची टोके घट्ट धरून ठेवतात, त्यांना बाजूंना पसरू देत नाहीत. जेथे आधार होता तो भाग राहिला. मध्यावर, जेथे तो पोचला नाही, तेथून ठोकळा सुटला. पट्ट्यांना वंगण लावून हे धरणे काढून घेतले, तर तोच ठोकळा उभ्या फाकांनी फुटतो, आणि कमी भाराला फुटतो. फुटक्या वस्तूचा आकार पाहून तिला कोणाचा आधार होता आणि कोठे नव्हता हे सांगता येते.

ही दोन सूत्रे, आत दडलेले जुने व्यंग आणि बाजूचा आधार, हाती घेऊन आता पायाखालच्या जमिनीकडे वळू. आमच्या काळ्या मातीखाली जो काळा पाषाण आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. नागपूरच्या आसपास येऊन तो पूर्वेकडे संपत येतो आणि पश्चिमेकडे सह्याद्रीपर्यंत जाड होत जातो. त्याखाली कितीतरी प्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस. या साऱ्यावर वरचा भार आहेच. प्रत्येक किलोमीटर खोलीला चौरस सेंटिमीटरवर सुमारे पावणेतीनशे किलो या हिशेबाने तो वाढत जातो. शिवाय भारताचे भूखंड वर्षाकाठी सुमारे पाच सेंटिमीटर या चालीने उत्तरेकडे सरकत हिमालयाशी रेटारेटी करीत आहे, आणि त्या रेट्याचा दाब दक्षिणेकडील पठाराच्या खडकांतही भिनलेला आहे. सेलूच्या तुरीच्या शेतात उभे राहून या दाबाची जाणीव होत नाही. पण खालचा दगड रात्रंदिवस दाबाखालीच असतो.

दख्खनचे पठार अचल आहे, येथे भूकंप व्हावयाचा नाही, असा आपला पिढीजात समज होता. किल्लारीने तो मोडला. १९९३ ची ती अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती पोचवून, थकूनभागून गावे झोपी गेली होती. आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांखाली, काही किलोमीटरच खोलीवर, दाबलेला खडक तिरका सरकला. एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूवर चढला. दाबाखालच्या कर्तनभंगाचे ते मूळ रूपच होते. भूकंपाची महत्ता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. पुढे तेथे खणलेल्या विंधनछिद्रात काळ्या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली, आणि त्याखाली प्राचीन खडक लागला. आपल्याला अभंग वाटणाऱ्या या भूमीच्या पोटात जुनी व्यंगे होती, आणि दाब त्यांचाच शोध घेत होता.

परंतु माणसे मेली ती खडक सरकल्याने नव्हे, भिंती कोसळल्याने. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात सांगतात. त्या भागातील घरे म्हणजे हातभर, दोन हात रुंद दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. रुंद भिंत पाहून आत राहणाऱ्याला मोठा धीर वाटे. पण ती भिंत म्हणजे वस्तुतः दोन भिंती असत: बाहेरच्या अंगाला गोट्यांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये माती व कपच्यांची भर. दोन्ही थरांना आरपार जाऊन जोडणारे लांब दगड क्वचितच घातलेले. धक्का बसताच हे दोन थर एकमेकांपासून फाकले, पोट सुटल्यासारखे बाहेर आले, आणि माळवद खाली बसले. ज्यांनी वाचकांना आतापर्यंतच्या विवेचनात साथ दिली आहे त्या पंखभेगा येथे आठवाव्यात. भार उभा, आणि उघडणे आडवे. भिंतीत आणि दगडाच्या कणात नियम एकच. भिंत रुंदीला कमी नव्हती. तिला बाजूने धरून ठेवणारे कोणी नव्हते. म्हणूनच नंतरच्या डागडुजीच्या सूचनांत भिंतीतून आरपार जाणारे दगड किंवा सळ्या घालाव्यात आणि सबंध घराभोवती पट्टा बांधावा, यांवर भर दिला गेला. याच भागातील ज्या घरांची छपरे लाकडी खांबांवर आणि तुळयांवर पेललेली होती, त्यांतली काही भिंती पडूनही उभी राहिली. आमच्याकडील तुराट्यांचा, मातीने लिंपलेला जुना कूड दिसावयास दरिद्री. पण धक्क्याने तो वाकतो, फार तर माती सांडतो. माणसाला चिरडण्याइतके वजन त्याच्याजवळ नसते.

कोयनेची गोष्ट याच सूत्राची दुसरी बाजू दाखविते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. धरणाच्या जलाशयात पाणी साठू लागल्यापासून त्या प्रदेशात लहान धक्के सुरू झालेच होते, आणि ते अजूनही थांबलेले नाहीत. पाण्याच्या वजनापेक्षा त्याचे झिरपणे अधिक घातक ठरते असे शास्त्रज्ञ मानतात. दाबामुळे जुन्या भंगाचे दोन काठ एकमेकांना आवळून धरीत असतात, आणि या आवळण्यातूनच घर्षण येते. फटीत शिरलेले पाणी स्वतःच्या दाबाने काठांना किंचित विलग करते. आवळणे सैल पडते. आणि जो भार वर्षानुवर्षे पेलला गेला होता तोच आता असह्य होतो. नवा भार फार आला असे नव्हे. जुना आधार सुटला. या भंगाजवळ जाऊन पाहण्यासाठी कोयनेच्या परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल असे एक छिद्र २०१७ साली पुरे करण्यात आले. काळ्या पाषाणाचा किलोमीटरभराहून जाड थर भेदून ते खालच्या ग्रॅनाइटमध्ये उतरले आहे.

येथे वाचक साहजिकच विचारतील, की फुटण्यापूर्वी दगड कुरकुरतो, तर भूकंपाची आगाऊ वर्दी का मिळू नये? सन १९७० नंतरच्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनाही हीच आशा वाटली होती. फुटण्याच्या बेतात आलेला दगड भेगांमुळे किंचित फुगतो, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते. १९७५ साली चीनमधील हायचेंग येथे धक्क्यापूर्वी लोकांना घराबाहेर काढण्यात आले, आणि जगभर जयजयकार झाला. पण पुढच्याच वर्षी तांगशान येथे काही सूचना न मिळता लाखो माणसे गाडली गेली. किल्लारीच्या आसपासही १९९२ साली लहान धक्के बसले होते. आज आपण त्यांना पूर्वसूचना म्हणतो. पण असेच लहान धक्के इतर अनेक ठिकाणी बसतात, आणि काही न होता विरून जातात. प्रयोगशाळेत दगड हातभर असतो आणि त्याच्या सर्व अंगांना कान लावलेले असतात; पृथ्वीच्या बाबतीत कुरकुर ऐकू आली तरी ती कशाची, हे मोठा धक्का बसून गेल्यावरच कळते. तेव्हा भंगाची वेळ जाणण्याचा हट्ट सोडून, भंग झाला तरी घर उभे कसे राहील इकडे लक्ष देणे हाच शहाणपणा ठरतो.

हा शहाणपणा किती साध्या वस्तूत असतो याचा प्रत्यय मला आमच्या गल्लीतच आला. एका शेजाऱ्यांचे दोन मजली घर उठत होते. खांबाच्या उभ्या सळ्यांना ज्या चौकोनी कड्या बांधतात, त्यांना गवंडी रिंगा म्हणतात. मिस्त्री त्या वीत-वीत, सव्वा-सव्वा वीत अंतरावर बांधीत होता. मी सहज विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, “गुरुजी, इतक्या रिंगा कायले पायजेत? वजन त उभ्या सळ्याच घेते.”

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण अर्धेच होते. भार उभ्या सळ्या आणि काँक्रीट मिळून घेतात. परंतु दाबाखाली काँक्रीट बाजूला फाकू लागते तेव्हा त्याला कवेत घेऊन धरण्याचे काम रिंगाच करतात. फॉन कारमानने द्रवाच्या दाबाने जे साधले तेच येथे करंगळीहून बारीक लोखंड करते. भूकंपात वाकूनही न तुटणारी बांधणी कशी करावी याचे भारतीय मानक १९९३ सालीच प्रसिद्ध झाले. त्याप्रमाणे खांबाच्या दोन्ही टोकांशी रिंगांमधील अंतर १० सेंटिमीटरांहून अधिक नसावे, आणि रिंगेची टोके नुसती काटकोनात न मुरडता, आत गाभ्यात शिरतील अशी १३५ अंशांत वळवावीत. बाहेरचा गिलावा व काँक्रीटची साल गळून पडली, तर काटकोनी टोक उघडते आणि ऐन वेळी मिठी सुटते. आत रोवलेले टोक सुटत नाही. मी हे त्याला जमेल तसे सांगितले. त्याने थोडा वेळ हातातली सळई फिरविली आणि म्हणाला, “म्हंजे भरल्या पोत्याले सुतळी आवळल्यावानी!” इतकी नेमकी उपमा मला सुचली नव्हती. शेजाऱ्यांनीही जादा लोखंडाचा खर्च कुरकुर न करता दिला. घर बांधून झाल्यावर त्या रिंगा कोणालाच दिसत नाहीत. दिवाणखान्यातील फरशी पाहुण्यांना दिसते. तिच्यावर माणसे मोकळ्या हाताने पैसा घालतात. न दिसणाऱ्या आधारावर काटकसर करण्याची आपली सवय फार जुनी आहे.

दगडावरून माणसाकडे वळण्याचा मोह निबंधकाराला आवरत नाही, आणि वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला तो आवरणे विशेषच कठीण. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील जे सहा जिल्हे खास साहाय्यासाठी निवडले, त्यांत आमचाही जिल्हा होता. अशी वार्ता कानी आली की लोक म्हणतात, “कर्जाच्या दाबाने मोडला.” हे खरे असते, पण तेवढेच म्हणून थांबणे म्हणजे ठोकळा ४५ टनांनी फुटला एवढेच टिपून घेण्यासारखे आहे. तेवढेच कर्ज, तेवढीच नापिकी शेजारच्या घरावरही आलेली असते, आणि ते घर उभे राहते. जो मोडला तो दुर्बळ होता, असा निवाडा यावरून कोणी करू नये. आपण विचारावयाचे ते हे, की त्याच्या अंगावर कोणते जुने ओरखडे होते. आणि त्याच्या बाजूला कोण उभे होते. भाऊबंद, शेजारी, सोसायटी, बँकेतला माणूस, आम्ही शाळामास्तर, यांपैकी कोणाचा हात त्याच्या खांद्याला लागलेला होता? एकदा दाब वर चढला की तो उतरविणे बहुधा आपल्या हाती नसते. पाऊस आणि बाजारभाव आपले ऐकत नाहीत. बाजूचा आधार मात्र पुष्कळदा आपल्याच हाती असतो, आणि तो फार मोठा असावा लागत नाही, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट.

उपमा येथेच थांबवावी हे बरे. माणूस दगड नाही. दगडाला आपली कुरकुर शब्दांत सांगता येत नाही, माणसाला येते. ती आपण ऐकतो की नाही, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा नाही. पदार्थविज्ञान एवढेच सांगते, की दाबाखालची भेग एका उडीत पार जात नाही. ती थोडी वाढते, थांबते, पुन्हा थोडी वाढते. आणि या थांबण्यांच्या काळात तिला बाजूने आवरता येते. गवंड्याला हे पटले की तो चार रिंगा अधिक बांधतो. इतरांनी आपापल्या रिंगा कोणत्या, हे ज्याचे त्याने पाहावे.